मक्याच्या दाण्यातील एका विकराची दोन जनुके : प्रकल्प नोंदी

३ जून

आजपासून या प्रकल्पाची स्वतंत्र नोंदवही सुरू करीत आहे. मक्याच्या वाळलेल्या दाण्याच्या वजनात सुमारे ७० टक्के वाटा स्टार्चचा असतो. तो बांधण्यासाठी लागणारे ग्लुकोज स्टार्चच्या साखळीला थेट जोडले जात नाही, तर आधी त्याचे एडीपी-ग्लुकोज व्हावे लागते. हे काम एडीपी-ग्लुकोज पायरोफॉस्फोरिलेज हे विकर करते. ग्लुकोज-१-फॉस्फेट आणि एटीपी (पेशीचा ऊर्जावाहक रेणू) यांपासून ते एडीपी-ग्लुकोज घडवते आणि पायरोफॉस्फेट मोकळे करते. हे विकर नसले तर दाणा कसा होतो, हे निसर्गाने आधीच दाखवून ठेवले आहे. ‘श्रंकन-२’ किंवा ‘ब्रिटल-२’ या जनुकांत बिघाड असलेल्या मक्याचा दाणा पक्व होताना आत बसतो आणि वाळल्यावर सुरकुततो. श्रंकन-२ मुळे दाण्यात स्टार्चऐवजी साखर साठते हे लॉफनन यांनी १९५३ मध्ये दाखवले. या दोन्ही प्रकारच्या दाण्यांत नेमके हेच विकर नसते, हे १९६६ मध्ये त्साई आणि नेल्सन यांनी सिद्ध केले.

विकर एक असले तरी त्याला जनुके दोन लागतात, आणि या प्रकल्पाचे सगळे आकर्षण माझ्यासाठी त्यातच आहे. तिसऱ्या गुणसूत्रावरील श्रंकन-२ मोठा उपघटक देते, चौथ्या गुणसूत्रावरील ब्रिटल-२ लहान उपघटक देते, आणि प्रत्येकी दोन मिळून चार घटकांचे पूर्ण विकर उभे राहते. ही दोन्ही जनुके आमच्या संशोधनातील वाणातून वेगळी करणे, जिवाणूत एकत्र चालवून पाहणे आणि तयार झालेले विकर उष्णतेत किती टिकते ते मोजणे, एवढा आमचा आवाका आहे. श्रंकन-२ चे जनुक सोळा एक्झॉनमध्ये (प्रथिनाचा संदेश असलेल्या, मधे मधे तुटलेल्या तुकड्यांत) विखुरलेले असल्याने जिनोमिक डीएनए घेऊन उपयोग नाही. आरएनएमध्ये हे तुकडे सलग जोडलेले असतात, म्हणून सुरुवात आरएनएपासूनच करावी लागेल.

११ जून

हरितगृहातील झाडांचे परागण हाताने केले होते, त्यामुळे प्रत्येक कणसाचा दिवस नक्की माहीत आहे. आज अठराव्या दिवशीची कणसे काढली. या वयात दाणा दुधाळ असतो, नखाने दाबला की पांढरा रस बाहेर येतो, आणि स्टार्च भरण्याचा वेगही जोरात असतो. दाणे कणसावरून काढताक्षणी द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकले आणि खलात कुटले.

आरएनए मात्र मिळाला नाही. पेशी फोडून आरएनए मोकळा करण्यासाठी, पानांसाठी आम्ही नेहमी वापरतो तेच ग्वानिडीनचे द्रावण घातले आणि पाहता पाहता नळीतील मिश्रण खळीसारखे घट्ट झाले. ग्वानिडीनमुळे स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात हे मला ठाऊक होते, पण इतक्या कोवळ्या दाण्यातही ते एवढ्या प्रमाणात होईल असे वाटले नव्हते. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवूनही थर वेगळे झाले नाहीत. पिपेटचे टोक त्या लगद्यात घातले की तार सुटत होती. नमुना टाकून दिला.

१४ जून

पद्धत बदलली. ग्वानिडीन पूर्णपणे वगळून थंड एसडीएस-युक्त (साबणासारखा पदार्थ असलेला) बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण, आणि फिनॉल वापरले, म्हणजे स्टार्चचे कण न फुगता तळाशी बसतात. वरचे निवळ द्रावण काढून त्यात लिथियम क्लोराइड घातले आणि रात्रभर बर्फावर ठेवले. लिथियम क्लोराइडने आरएनए खाली बसतो आणि विरघळलेले पिष्टमय पदार्थ बऱ्याच अंशी वरच राहतात, हा त्याचा मोठा फायदा आहे. इथेनॉलने सगळेच एकत्र खाली येते आणि शेवटी मिळणारा पांढराशुभ्र साका पाहून माणूस उगाच सुखावतो, कारण त्यातला बहुतांश भाग स्टार्चच असतो. आज सकाळी नळीच्या तळाशी जेमतेम दिसणारा, काचेसारखा पारदर्शक साका मिळाला आणि तोच खरा होता. जेलवर (रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर) रायबोसोमच्या आरएनएचे दोन्ही बँड स्वच्छ आणि रेखीव आले, खाली ओघळ नाही, म्हणजे आरएनए तुटलेला नाही.

२० जून

आरएनएवरून सीडीएनए (त्याची डीएनएच्या रूपातील नक्कल) तयार केला. मक्याच्या जनुकांच्या सुरुवातीच्या भागात जी आणि सी या बेसचे प्रमाण फार असते आणि तिथे आरएनए स्वतःवरच दुमडून बसतो, म्हणून ही नक्कल करणारे विकर ५५ अंशांवर चालणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज वापरले आणि पीसीआरमध्ये (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करण्याच्या पद्धतीत) अशा घड्या सैल करणारे डीएमएसओ पाच टक्के घातले. पूर्ण जनुकावर एकदम जाण्याआधी, दोन्ही उपघटकांच्या आतल्या भागाचे छोटे तुकडे वाढवून पाहिले. त्यासाठीचे प्रायमर (पीसीआर कुठून सुरू व्हावा हे ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे) निरनिराळ्या वनस्पतींत जशाच्या तशा टिकून राहिलेल्या भागांवर आखले होते. दोन्ही तुकडे अपेक्षित लांबीचे आले. ते वाहकात (जनुक जिवाणूत नेणाऱ्या डीएनएच्या वळ्यात, म्हणजे प्लास्मिडमध्ये) जोडून जिवाणूत घातले आणि प्रत्येकी सहा वसाहती क्रमनिर्धारणाला, म्हणजे बेसचा क्रम वाचायला, पाठवल्या.

२९ जून

क्रमनिर्धारणाचे निकाल आले, आणि त्यांनी आमची एक मोठी चूक उघडी केली. श्रंकन-२ चे सहाही तुकडे एकमेकांशी जुळतात. ब्रिटल-२ म्हणून पाठवलेल्या सहांपैकी चार ब्रिटल-२ चे आहेत. उरलेले दोन त्याच्याशी बरेच जुळतात, पण जागोजागी कोडॉनच्या (एक अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन बेसच्या गटाच्या) तिसऱ्या बेसमध्ये फरक आहे आणि काही ठिकाणी अमिनो आम्लही बदलले आहे. हे फरक पीसीआरच्या चुकांमुळे आलेले नाहीत, कारण दोन्ही तुकड्यांत ते अगदी त्याच जागी आहेत. मक्यात लहान उपघटकाची एकाहून अधिक भावंड जनुके आहेत आणि त्यांतील एक भ्रूणात चालते. ११ आणि १४ तारखेला आम्ही दाणे अख्खेच कुटले होते, म्हणजे भ्रूणपोषाबरोबर (दाण्यातील स्टार्च साठवणाऱ्या भागाबरोबर) भ्रूणही खलात गेला होता. लहान उपघटकाचा क्रम सगळ्या वनस्पतींत फारच सारखा राहिलेला असल्याने आमच्या प्रायमरांना दोन्ही भावंडे सारखीच.

आतला तुकडा आधी तपासला हे किती बरे झाले. थेट पूर्ण लांबीवर गेलो असतो आणि घाईत एकच वसाहत निवडली असती, तर भ्रूणाचा लहान उपघटक भ्रूणपोषाच्या मोठ्या उपघटकाशी जोडून आम्ही पुढचे दोन महिने एका भलत्याच विकराचे गुणधर्म मोजत बसलो असतो, आणि जेलवर त्याची लांबी बरोबर दिसत असल्याने कुणाला शंकाही आली नसती.

६ जुलै

नव्या कणसांतून पुन्हा नमुने घेतले. या वेळी प्रत्येक दाणा बर्फावर ठेवलेल्या काचेवर धरून पात्याने साल सोलली, टोकाशी असलेला भ्रूण चिमट्याने उचलून बाजूला काढला आणि फक्त भ्रूणपोष नायट्रोजनमध्ये टाकला. एका दाण्याला साधारण अर्धा मिनिट लागतो. चाळीस दाणे झाल्यावर बोटे बधिर झाली.

प्रायमरही बदलले. आता दोन्ही टोकांचे प्रायमर संदेशवाहक आरएनएच्या प्रथिनात न उतरणाऱ्या भागांवर आखले आहेत. भावंड जनुकांमध्ये प्रथिन ठरवणारा भाग सारखा राहतो, कारण त्याला काम करायचे असते. बाहेरच्या भागावर तसा दाब नसल्याने तो वेगळा होत जातो, आणि भावंडांतला फरक तिथेच सहज सापडतो. दोन्ही जनुकांचे पूर्ण सांकेतिक भाग, प्रत्येकी दीड हजार बेसच्या आसपास, एकेका ठळक बँडच्या रूपाने मिळाले. प्रत्येक जनुकासाठी दोन स्वतंत्र सीडीएनए घेऊन दोन स्वतंत्र पीसीआर केले आहेत. त्याचे कारण पुढच्या नोंदीत येईल.

१७ जुलै

सर्व वसाहतींचे पूर्ण क्रम आले. आधी प्रसिद्ध झालेल्या क्रमाशी ताडून पाहता आमच्या श्रंकन-२ मध्ये काही जागी फरक आहेत. त्यांतील काही दोन्ही पीसीआरमधून आलेल्या प्रत्येक वसाहतीत आहेत, म्हणजे ते आमच्या वाणाचे स्वतःचे आहेत. काही मात्र फक्त एकेका वसाहतीत आहेत आणि ते पॉलिमरेजच्या (पीसीआरमध्ये डीएनएच्या प्रती करणाऱ्या विकराच्या) चुकांमुळे आलेले आहेत. दोन स्वतंत्र पीसीआर करण्यामागे नेमका हाच हेतू होता. एकाच पीसीआरच्या पहिल्या काही चक्रांत झालेली चूक पुढे सगळ्या वसाहतींत दिसू शकते आणि ती वाणाचा गुण म्हणून खपून जाते.

ब्रिटल-२ ची तिसरी आणि श्रंकन-२ ची पाचवी वसाहत पुढे नेण्यासाठी निवडली. श्रंकन-२ ची दुसरी वसाहत सर्वांत जास्त डीएनए देत होती, पण तिच्यात एका ठिकाणी ग्लायसीनच्या जागी दुसरे अमिनो आम्ल आले आहे, म्हणून ती सोडली.

२८ जुलै

दोन्ही जनुके व्यक्त करण्याच्या, म्हणजे जिवाणूकडून त्यांचे प्रथिन बनवून घेणाऱ्या, वाहकांत घातली. दोन प्लास्मिड एकाच जिवाणूत नांदायचे असतील तर त्यांचे प्रतिकरणाचे आरंभस्थान (जिथून प्लास्मिडची नक्कल सुरू होते ती जागा) एकाच गटातले असून चालत नाही, नाहीतर काही पिढ्यांतच एक गळून पडतो. म्हणून ब्रिटल-२ साठी कोल-ई-१ गटातला आणि श्रंकन-२ साठी पी-१५-ए गटातला वाहक घेतला. दोन्ही प्लास्मिड टिकावेत म्हणून पहिल्यासाठी एम्पिसिलिनचा आणि दुसऱ्यासाठी स्पेक्टिनोमायसिनचा, असा प्रतिजैविकांचा दाब ठेवला आहे. जोडाच्या जागेचा क्रम पुन्हा तपासला आणि वाचनचौकट (तीन-तीन बेस कुठून मोजायचे ती मांडणी) दोन्हीकडे बरोबर आहे. वाहकाने श्रंकन-२ च्या पुढे काही जास्तीची अमिनो आम्ले जोडली आहेत. पुढे अमिनो आम्लांचे क्रमांक लिहिताना ती वजा करूनच लिहायची, असे आम्ही ठरवले आहे.

९ ऑगस्ट

आजचा दिवस या प्रकल्पातला आतापर्यंतचा सर्वांत समाधानाचा.

वापरलेल्या ई. कोलाय वाणात जिवाणूचे स्वतःचे, याच विकराचे ‘जीएलजी-सी’ जनुक निकामी आहे. जिवाणू स्टार्च करीत नाही, पण ग्लायकोजेन करतो, आणि त्यालाही एडीपी-ग्लुकोजच लागते. जीएलजी-सी निकामी असले की ग्लायकोजेन होत नाही. अशा जिवाणूत मक्याचे विकर नीट जुळून उभे राहिले, तर ती उणीव भरून निघते आणि ग्लुकोजयुक्त माध्यमावर वाढलेल्या वसाहती ग्लायकोजेनने भरतात. आयोडीन ग्लायकोजेनला तपकिरी रंग देते. विकर शुद्ध न करता, कोणतेही यंत्र न लावता, ते काम करते की नाही हे डोळ्यांना दिसते.

प्लेटचे चार भाग करून चार प्रकारचे जिवाणू रेषा ओढून वाढवले होते : रिकामे वाहक, फक्त ब्रिटल-२, फक्त श्रंकन-२ आणि दोन्ही एकत्र. सकाळी चारही भाग सारखेच फिकट दिसत होते. प्लेटच्या झाकणात आयोडीनचे काही स्फटिक ठेवले आणि प्लेट त्यावर उलटी धरली. जांभळट वाफ काचेवर चढू लागली. पहिले काही सेकंद काहीच झाले नाही. मग चौथ्या भागातील रेषा कडेपासून आत काळवंडत गेली आणि मिनिटभरात गर्द तपकिरी झाली. रिकाम्या वाहकाचा भाग पिवळसर राहिला. फक्त श्रंकन-२ आणि फक्त ब्रिटल-२ यांच्या रेषांवर, बराच वेळ वाफ दिल्यावर, अगदी हलकी छटा आल्याचा भास झाला. तो भास आहे की एकटा उपघटकही थोडेफार काम करतो, हे या प्लेटवरून सांगता येणार नाही, म्हणून ‘हलकी, अनिश्चित छटा’ एवढेच लिहून ठेवीत आहे.

रंग टिकत नाही. झाकण काढल्यावर काही मिनिटांत तो उडतो. छायाचित्रे घेताना वाफ पुन्हा द्यावी लागली आणि दुसऱ्या खेपेस रंग त्याच क्रमाने आला.

१८ ऑगस्ट

प्लेटवर एवढा स्वच्छ फरक देणारे विकर नळीत मोजायला गेलो तर जवळजवळ काहीच दिसेना. आम्ही अभिक्रिया उलट दिशेने चालवून मोजतो. एडीपी-ग्लुकोज आणि पायरोफॉस्फेट दिले की ग्लुकोज-१-फॉस्फेट सुटते, त्याचे आणखी दोन विकरांच्या साहाय्याने रूपांतर होते, आणि शेवटी तयार होणारे एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरला प्रकाश शोषते. हे शोषण वाढते तशी आलेखाची रेषा चढायला हवी, पण आज ती जवळपास आडवीच राहिली.

आधी शंका त्या दोन जोडविकरांवर आली. त्यांना थेट ग्लुकोज-१-फॉस्फेट देऊन पाहिले, तर रेषा लगेच चढली, म्हणजे ती ठीक आहेत. नंतर जिवाणूच्या अर्कातील पायरोफॉस्फटेज आमचे पायरोफॉस्फेट फस्त करीत असेल म्हणून त्याला रोखणारे सोडियम फ्लुओराइड घातले. थोडा फरक पडला, पण समाधान होण्याइतका नाही. शेवटी एका सहकाऱ्याने त्याच क्युव्हेटमध्ये (शोषण मोजण्याच्या छोट्या भांड्यात) ३-फॉस्फोग्लिसरेट घालून पाहण्याची सूचना केली. ते या विकराचे उद्दीपक आहे. ते घालताच रेषा उचलली आणि चांगली चढू लागली.

उत्तर आमच्याच बाटलीत होते. पेशी धुण्यासाठी आणि फोडण्यासाठी मी कपाटातला नेहमीचा फॉस्फेट बफर घेतला होता, आणि अजैविक फॉस्फेट हा या विकराचा रोधक आहे. ३-फॉस्फोग्लिसरेट आणि फॉस्फेट एकमेकांविरुद्ध काम करतात. एक विकराला चालना देते, दुसरे त्याला रोखते, आणि दाण्यात स्टार्च किती होईल यावरचा ताबा बराचसा या रस्सीखेचीत आहे. ही गोष्ट मी कित्येकदा वाचली आणि इतरांना समजावूनही सांगितली आहे, तरी बाटलीवरच्या चिठ्ठीशी तिचा संबंध मला आज सकाळी लागला नाही. संवर्धनाचे माध्यमही फॉस्फेटने भरलेले असल्याने नुसता बफर बदलून भागणार नाही, अर्क फॉस्फेटमुक्तच करावा लागेल.

२३ ऑगस्ट

पेशी फॉस्फेट नसलेल्या हेपेस बफरमध्ये दोनदा धुतल्या, त्यातच फोडल्या आणि अर्क लवण काढणाऱ्या छोट्या स्तंभातून गाळला. विकराचे काम आता ३-फॉस्फोग्लिसरेटशिवायही मोजता येते, आणि ते घातल्यावर कित्येक पटींनी वाढते. मुद्दाम फॉस्फेट परत घातले की कमी होते, आणि ३-फॉस्फोग्लिसरेट वाढवले की पुन्हा वर येते. आपण उभे केलेले विकर दाण्यातल्या विकरासारखे वागते, याची ही खरी खूण आहे. आयोडीनची प्लेट विकर चालते एवढेच सांगत होती. एडीपी-ग्लुकोज न घातलेला कंट्रोल (तुलनेचा नमुना) प्रत्येक फेरीत ठेवला आहे, कारण कच्च्या अर्कात ३४० नॅनोमीटरवरचे मापन सरकवणाऱ्या इतरही गोष्टी असतात.

३१ ऑगस्ट

आता उष्णतेकडे वळायचे. मक्याच्या भ्रूणपोषातील हे विकर उष्णतेला फारच नाजूक आहे. ५७ अंशांवर पाच मिनिटे ठेवल्यास त्याचे ९६ टक्के काम जाते, असे हॅना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये नोंदवले. दाणा भरण्याच्या काळात उष्ण दिवस आले की दाणा हलका राहतो, त्याच्या कारणांमध्ये या नाजूकपणाचाही विचार होतो. १९९८ मध्ये ग्रीन आणि हॅना यांनी मोठ्या उपघटकात ३३३ व्या जागी हिस्टिडीनऐवजी टायरोसीन आणणारा एक बदल दाखवला, ज्याने विकर उष्णतेत अधिक टिकते. मला त्यात सर्वांत मोलाचे वाटते ते त्यांचे स्पष्टीकरण. हा बदल दोन उपघटकांनी एकमेकांना धरून ठेवण्याची पकड घट्ट करतो. उष्णतेत आधी सुटते ती ही पकड, असे त्यावरून दिसते.

हिस्टिडीनच्या कोडॉनमधील पहिला सी बदलून टी केला की टायरोसीन होते, म्हणजे संपूर्ण जनुकात एकच अक्षर बदलायचे आहे. आमच्या नकाशावर ३३३ व्या जागी आधी हिस्टिडीन सापडेना. वाहकाने जोडलेली अमिनो आम्ले वजा करायची राहिली होती. ती वजा केल्यावर हिस्टिडीन योग्य जागी मिळाले. बदल असलेले प्रायमर वापरून संपूर्ण प्लास्मिड पीसीआरने फिरवला आणि नंतर डीपीएन-१ या विकराने मूळ साचा कापून टाकला. हे विकर मिथाइल गट लागलेला डीएनएच कापते, आणि तो फक्त जिवाणूतून आलेल्या मूळ प्लास्मिडवर असतो. चार वसाहती क्रमनिर्धारणाला पाठवल्या.

१२ सप्टेंबर

चारांपैकी तीन वसाहतींत हवा तो बदल आहे आणि दुसरा कोणताही नाही. बदललेले श्रंकन-२ मूळ ब्रिटल-२ बरोबर जिवाणूत घातले. आयोडीनच्या प्लेटवर दोन्ही प्रकार सारखेच गर्द दिसले, आणि ते अपेक्षितच होते, कारण ३७ अंशांवर दोन्ही काम करतात.

उष्णतेची चाचणी घेताना एका गोष्टीची काळजी घेतली, ती इथे सविस्तर लिहितो, कारण पुढे कुणी ही चाचणी करील त्याला हीच अडचण येईल. विकराला काही चिकटलेले असले की ते बहुधा उष्णतेत अधिक टिकते. त्यामुळे एका अर्कात फॉस्फेट शिल्लक राहिले आणि दुसऱ्यात नाही, तर मोजमाप अमिनो आम्लाच्या बदलाचे न होता फॉस्फेटचे होईल. म्हणून दोन्ही अर्क एकाच दिवशी, एकाच बफरमध्ये, एकाच प्रकारच्या स्तंभातून गाळले, प्रथिनाचे प्रमाण सारखे केले आणि पातळ द्रावणात विकर भांड्याच्या भिंतीला चिकटू नये म्हणून दोन्हींत अल्ब्युमिन घातले. ५७ अंशांच्या वॉटरबाथमध्ये नळ्या ठेवल्या, ठरलेल्या मिनिटाला काढून बर्फात खुपसल्या, उष्णतेने साकळलेले प्रथिन सेंट्रिफ्यूजने खाली बसवले आणि वरचे निवळ द्रावण मोजले. जोडविकरे नंतर घातल्याने त्यांना उष्णता लागलेली नाही.

पाच मिनिटांनंतर मूळ विकराची रेषा जवळजवळ आडवी झाली होती. बदललेल्या विकराची रेषा उतरली, पण स्पष्टपणे चढती राहिली. सहकारी शेजारी उभे होते. कुणी काही बोलले नाही, फक्त एकाने दुसरी नळी पुढे केली.

१७ सप्टेंबर

नव्याने वाढवलेल्या जिवाणूंतून चाचणी पुन्हा केली आणि फरक त्याच दिशेने आला. आणखी एक कंट्रोलही ठेवला. दोन्ही अर्क जेलवर चालवून उपघटकांचे बँड पाहिले आणि त्यांचे प्रमाण सारखेच आहे. म्हणजे बदललेल्या जनुकामुळे जिवाणूत प्रथिनच जास्त झाले आणि म्हणून काम जास्त दिसले, ही शंका उरत नाही. टक्केवारी अजून लिहीत नाही. दोन फेऱ्यांतील आकड्यांत जेवढा फरक आहे तो लक्षात घेता तिसरी फेरी झाल्यावरच आकडा वहीत येईल.

पुढच्या आठवड्यात ब्रिटल-२ चे दोन आणि श्रंकन-२ चे दोन प्रकार आलटून पालटून जोडायचे आहेत. आमच्या वाणाच्या ब्रिटल-२ मध्ये आधी प्रसिद्ध झालेल्या क्रमापेक्षा एक अमिनो आम्ल वेगळे आहे, आणि ते दोन उपघटक एकमेकांना टेकतात त्या बाजूला आहे की नाही हे रचनेच्या नकाशावर पाहायचे राहिले आहे. प्रसिद्ध क्रमाचा ब्रिटल-२ त्यासाठी संश्लेषणाला दिला आहे. तोपर्यंत ३-फॉस्फोग्लिसरेटची मात्रा पायरीपायरीने वाढवत दोन्ही विकरांचे आलेख काढायचे, प्रत्येकी तीन वेळा, फॉस्फेट अजिबात नसताना आणि ठरावीक फॉस्फेट असताना. हेपेस बफरची नवी बाटली भरून ठेवली आहे आणि फॉस्फेटची बाटली त्या कपाटातून हलवली आहे.